मोरीच्या पाण्यावरचा गुलाब

सुनंदाचे बाबा,

त्या शेवटच्या सकाळी मी मोरीत पाय दुमडून बसले होते. समोर तवा आणि पातेली, शेजारी चुलीतल्या राखेचं टोपलं, हातात काथ्या. भिंतीपलीकडून, मोरीच्या भोकातून तुमचा आवाज आला, "घाई करू नको. सावकाश सोड." मी तांब्याभर पाणी सोडलं. बाहेर तुमचं खुरपं वाजलं. मग म्हणालात, "थांब, आता काळ्या गुलाबाकडं वळवतो." मी थांबले.

शेजारच्या शांताबाई म्हणायच्या, ही दोघं समोरासमोर बोलत नाहीत, मोरीतून बोलतात. खोटं कुठं होतं ते? घरात आपलं बोलणं नळ आला का आणि भाजीत मीठ आहे का, एवढंच. त्या भोकातून मात्र तुम्ही सगळं सांगायचात. कुठल्या फांदीला कळी धरली, कुठल्या पानाला कीड लागली, साहेब कुणावर चिडले. छातीत दुखतंय, हे तेवढं सांगितलं नाहीत! का हो?

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. वाचायला शिकले तेच वाण्याच्या पुड्या उलगडून, हे तुम्हाला माहीत आहे. वर काय लिहायचं हेही ठरेना. जन्मभर 'अहो' म्हटलं, आता 'अहो' म्हणून हाक मारली तर ओ कोण देणार? तरी लिहिते, कारण वैशाखातली पौर्णिमा होऊन गेली आणि काळ्या गुलाबाचं काय झालं हे तुम्हाला कळायला पाहिजे.

नवा जिल्हा झाला, माणसं कमी पडली, म्हणून तुम्हाला कंधारहून लातूरला साहेबांच्या कचेरीत आणलं. साहेबांच्या बंगल्यात छाटणी झाली की टाकलेल्या फांद्या तुम्ही ओल्या फडक्यात गुंडाळून आणायचात. रानटी गुलाबाच्या खोडाला चीर द्यायची, तिच्यात चांगल्या गुलाबाच्या फांदीवरचा डोळा, कोंब फुटायची जागा, सालीसकट काढून बसवायचा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीनं बांधायचा. पहिल्या हिवाळ्यात सगळे डोळे काळे पडले. पुढच्या हिवाळ्यात वाळवी लागली. तिसऱ्यांदा चार-पाच जगले, त्यातच हा काळपट लाल. नेमका तेव्हाच पाऊस गेला.

पौर्णिमेला बुद्धाच्या मूर्तीपुढे आपल्या अंगणातलं फूल ठेवायचं, हा तुमचा हट्ट. भर वैशाखात, टँकरच्या गावात! पण माझ्या राखेच्या पाण्यावर काळ्यानं गेल्या साली एक फूल दिलं. वंदनेला बसताना तुमचं लक्ष सूत्रात नव्हतं, फुलाकडे होतं. मी बघत होते.

मग तुम्हाला माझे गुडघे दिसले. मोरीतून उठताना मी भिंतीला हात लावते, हे तुम्ही कधी पाहिलंत कोण जाणे. एक दिवस हमीदभाई मिस्त्रींना घेऊन आलात आणि म्हणालात, हिला उभ्याचा ओटा करायचा. मला एका शब्दानं विचारलंत का? उंचीचं माप घेतलंत तेही स्वतःच्या कमरेचं! ओटा झाला तो माझ्या छातीला आला. मी पीठ मळायला उभी राहिले तर परात नाकासमोर. हमीदभाई दाढीत हसले. तुम्ही लाकडी पाट आणून माझ्या पायाखाली दिलात आणि म्हणालात, "हा धरून माप हाय."

भांडी घासायची टाकी ओट्याच्या कडेला केली, तिचं पाणी मागं गुलाबांकडेच काढायचं, असं तुमचं म्हणणं. हमीदभाई सांगत होते की नव्या फरशीचा उतार पुढच्या बाजूला आहे, पाणी मागं जाणार नाही. तुम्ही ऐकलं नाहीत. पहिल्याच दिवशी खरकटं पाणी उलटं फिरलं आणि ज्वारीच्या पोत्याखाली गेलं. फरशी उकरली, पुन्हा घालायची ठरली. दिवाळी झाली की बघू म्हणालात. दिवाळी झाली आणि तुम्ही गेलात.

उकरलेल्या स्वयंपाकघरात माणसं येऊन बसत होती, त्याची मला लाज वाटायची. सुनंदा धर्माबादहून आली ती काम पुरं करूनच गेली. टाकीचं पाणी पुढच्या नव्या पक्क्या गटाराला जोडलं. मोरीचं भोक सिमेंटनं बुजवून घेतलं. भांड्यांची पावडर आणून दिली आणि राखेचं टोपलं उचलून बाहेर ठेवलं. मी म्हणाले, "अन् झाडं?" तर म्हणते, "आई, माणसाला प्यायला न्हाई अन् तू काट्यांना पाजून राहिली." मग पाठ फिरवून म्हणाली, "बाबांनी ओटा कुणासाठी केला? तुला खाली बसावं लागू नये म्हणून ना?"



ती गेल्यावर मी टाकीखाली बादली लावू लागले. भरली की मागं न्यायची आणि ओतायची. तुमचं काम मी चुकवलं नाही, असं मनाशी म्हणायची. पण पानांच्या कडा जळू लागल्या. पावडरीचं पाणी ते! माझ्या ध्यानात आलं तोवर एकेक झाड वाळून गेलं होतं. काळ्याची फांदीही वरून तपकिरी होत खाली आली.

आणि होळीच्या सुमाराला काळ्याच्या बुंध्यातून फूट निघाली! हिरवीगार, सरळ, बघता बघता माझ्या कमरेला लागली. काय सांगू तुम्हाला, तुम्ही गेल्यापासून त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले. प्यायच्या हंड्यातलं पाणी तिला दिलं. उन्हाची झळ लागू नये म्हणून तुमचं जुनं धोतर बांधून सावली केली. शांताबाई म्हणाल्या, जिल्ह्याच्या साहेबाला न्हाई एवढी सेवा ह्या काटकीला. म्हणू देत. पौर्णिमा जवळ येत होती. मी रोज शेंडे चाचपून बघायची. कळी नव्हती.

पौर्णिमेच्या सकाळी सुनंदा जावईबापूंना घेऊन आली. मागच्या दाराला उभी राहून तिनं ती फूट पाहिली, धोतर पाहिलं, आणि तिचा चेहराच उतरला. खाली बसून तिनं एक पान उलटंपालटं केलं.

"आई, हे बाबांचं न्हाई," ती म्हणाली. "हे खालचं, रानटी हाय. डोळा मरून गेला. बाबा असते तर हे कवाच खुडलं असतं."

मला माहीत नव्हतं का? भोकातून कितीदा म्हणाला होतात, खालून फूट निघाली की खुडायची, ती वरच्याचं खाते. मी ऐकलं होतं. पण हिरवं दिसलं आणि मला वाटलं, तुमचंच आहे. दोन महिने मी तुमच्या फुलाला मारणाऱ्यालाच पाणी घालत होते की काय! सुनंदानं फूट मोडायला हात घातला. मी तिचं मनगट धरलं. मग ती रडू लागली. बाबांच्या दिवसांतही ती रडली नव्हती, फरशी घालून घेत होती.

नाक पुसून म्हणाली, "मूळ जित्तं हाय पण. बाबा असल्याच खोडाला डोळा भरायचे."

मूर्तीपुढे त्या दिवशी फूल नव्हतं. बाजारातून आणू का, असं जावईबापूंनी विचारलं. आम्ही दोघींनीही नको म्हटलं.

संध्याकाळी सुनंदाच हमीदभाईंना बोलावून आली. ते म्हणाले, "भाभी, पयले बुजव म्हणता, मग फोड म्हणता. भाईसाब परवडले, एकच जिद धरायचे." तरी छिन्नी आणली होतीच. सिमेंटचा खपला बाहेर पडला आणि मोरीत हाताएवढा उजेड आला. पलीकडे कोणी नव्हतं. ओटा तेवढा खाली उतरवून देऊ का, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राहू द्या, पाट धरून माप आहे.

पाऊस येईल की नाही, मला सांगता येत नाही. विहिरीत चिखल आहे आणि टँकरपुढे भांडणं आहेत. तुमच्या गुलाबाचा रंग मला परत दिसेल, याचीही खात्री नाही. पण एवढं कबूल करते. थंडी पडली की मी बंगल्यावर जाईन, माळ्याकडे छाटलेली फांदी मागेन आणि त्या खोडाला डोळा मीच भरीन. काळा पडला तर पुढच्या थंडीत पुन्हा भरीन. तुमच्या सायकलची ट्यूब मी टाकलेली नाही.

हमीदभाई भोक पाडून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर भाकरी केल्या, पाटावर उभी राहून. मग राखेचं टोपलं आत आणलं, मोरीत पाय दुमडून बसले आणि भांडी घासली. तांब्याभर पाणी सोडलं. भिंतीला हात लावून उठले, मागं गेले आणि खुरप्यानं पाणी वळवलं.

तुमची,
सुनंदाची आई