ठेंगण्या दाराची कोठडी

मंगळवार, संध्याकाळ

उद्या जेलात दादाला भेटायचंय, पहिल्यांदाच. त्याच्यासाठी बनियन घ्यायला निघालो आणि पोचलो जुन्या कचेरीमागच्या कोठडीपाशी. माझं हे असंच.

जंगल सत्याग्रहात पणजोबांना आधी तिथेच कोंडलं होतं म्हणतात. आता आत झाडू आणि मोडक्या खुर्च्या. दार इतकं ठेंगणं की वाकल्याशिवाय आत जाताच येत नाही. पणजोबाही वाकले असतील का? घरी तर सांगतात, ताठ मानेने गेले.

तिथले शिपाईकाका तंबाखू मळत म्हणाले, "चिरनेरचा ना रं तू? तुज्या घरचा कोन व्हता इथं?"

"पणजोबा." छाती फुगलीच माझी.

"मंग च्या पिऊन जा. तुजा मोठा भाऊ कुठं हाय हल्ली?"

"दुबईला."

आईने गावात तेच सांगितलंय, म्हणून तोंडातून आपोआप आलं. काका हसून म्हणाले, "मंग मला अत्तर आनाया सांग त्याला." अर्धा चहा तसाच ठेवून निघालो. दादाची केस अजून चालू आहे, काही सिद्ध झालेलं नाही. मग मी कशाला घाबरलो?

उद्या गेटवर विचारतील, कोण लागतो तुझा? तेव्हा कुठली दुबई?

दादा तर माझ्याहून उंच. त्याच्या कोठडीचं दारही तसंच ठेंगणं असेल?

बनियन राहिलंच. सकाळी दुकानदाराने विचारलं कोणासाठी, तर सांगेन, भावासाठी, जेलात आहे तो. निदान त्याला तरी सांगून बघतो.