बाबांच्या रेघेवर एक वीत

बॅटन रूज, ६ मार्च

चि. ओव्हीद यास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू तिसऱ्या वाक्याला तापतोस आणि रिसीव्हर आपटतोस, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र आपटलंस तरी मला ऐकू येणार नाही.

आईला माझ्याकडे येऊन सहा महिने झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून ती गाड्या बघते आणि रोज मला सांगते की इथे कोणीच जाता-येता हात करत नाही. बायू सारसेलला ओसरीवर बसलं की पाण्यातून जाणारी प्रत्येक बोट तिला हात करायची, ते काही तिच्या डोक्यातून जात नाही. खेकडे आणले तर म्हणते, हे फ्रीजमध्येच जन्मले असावेत. तिचं मागणं एकच आहे. एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, सगळे थडगी सजवतात, त्याआधी घरी जायचं आणि बाबांच्या थडग्याला स्वतःच्या हाताने चुना लावायचा. एक्याऐंशी वर्षांच्या बाईला मी पुढच्या वर्षीचा वायदा कुठल्या तोंडाने करू?

बांधकाम परवान्याच्या कार्यालयाचं पत्र मी दोनदा वाचलं. वादळात घराचं नुकसान निम्म्या किमतीहून जास्त झालं आहे, म्हणून आधी घर नियमाच्या उंचीला उचलायचं, मगच दुरुस्ती आणि वीज. किती उचलायचं ते मात्र त्यात नाही. तू जा, आकडा लेखी घे आणि कृपा करून भांडू नकोस.

आणि त्या बोटीचा नाद सोड आता. इंजिन म्हातारं झालं, कोळंबीला भाव नाही. गोदीत नोकरी मिळत असताना माणूस पहाटे चिखलात कशाला जातो, मला कळत नाही.

प्रकृतीस जप, लोभ आहेच.

तुझी ताई, लिओनी

•

बायू सारसेल, २८ मार्च

सौ. ताईस ओव्हीदचा शि. सा. न. वि. वि.

गेलो होतो. भांडलो नाही. तीन खिडक्या झाल्या आणि तिन्हींनी सांगितलं की हा विषय आमच्याकडे नाही. चौथ्या खिडकीतली मुलगी भली होती. ती म्हणाली की आकडा मोजणीदार सांगेल, आणि मोजणीदाराचा नंबर जूनमध्ये लागेल. जूनपर्यंत काय करायचं, तर तो विषय तिच्याकडे नव्हता.

मग मी बाबांची रीत धरली. स्वयंपाकघराच्या चौकटीवर बाबांनी दर वादळाला पेन्सिलीने ओढलेल्या पाच रेघा तुला आठवत असतील. सहावी मी ओढली, माझ्या कमरेशी. सगळ्यांत वरच्या रेघेवर एक वीत, एवढी घराची जमीन उचलायची, असं बाबा सांगायचे. अख्ख्या बायूच्या काठावर सगळ्यांची घरं याच हिशेबाने उभी आहेत.

शनिवारी उलीसकाकांनी जॅक आणले. अठरा माणसं आली, न बोलावता. बायकांनी मोठ्या हंड्यात कोळंबीचा गम्बो रस्सा केला. संध्याकाळी घर वर बसलं आणि एक खिडकीसुद्धा तडकली नाही. नऊ पायऱ्या झाल्या आहेत. आईच्या गुडघ्यांना झेपतील अशा बुटक्या मी मुद्दाम केल्या. तिला सांग, मे महिन्यात घरी.

बोटीबद्दल तू लिहिलेलं मी वाचलं नाही, असं समज.

तुझा, ओव्हीद

•

बायू सारसेल, १९ जून

सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

मे गेला, आणि आता जूनही जाणार. मोजणीदार आला. तरुण आहे, उद्धट नाही, त्यामुळे त्याच्यावर धड ओरडताही येईना. घर वीस इंच कमी पडलं.

मी त्याला चौकट दाखवली. त्याने सगळ्या रेघा नीट पाहिल्या आणि म्हणाला, नियम चौकटीपासून मोजत नाही, समुद्रसपाटीपासून मोजतो. इथली जमीन वर्षागणिक खचते आहे, घर तिच्याबरोबर खाली जातं आहे आणि बाबांच्या रेघाही. दर वादळाला पाणी आणखी चढलं असं आपण म्हणायचो, त्यात निम्मं तर घरच उतरलं होतं. साठ वर्षं आम्ही सगळे शहाणे बुडणाऱ्या लाकडावर खुणा करत बसलो. शेजारची सात घरं याच रेघेवर उचललेली आहेत, तीही नापास झाली. सगळे माझ्याकडे असे बघतात जसं काही समुद्र मीच वर आणला.

वीस इंच म्हणजे आणखी पाच पायऱ्या. चौदा. आईचे गुडघे चौदा चढणार आहेत का? पायऱ्यांऐवजी उतार करावा, तर रस्ता आणि पाणी यांच्यामध्ये जागा नाही. सरकारी लिफ्टचा अर्ज केला तर दीड वर्ष. खाली तिच्यासाठी खोली बांधू म्हटलं, तर तेही चालत नाही. घराखाली फक्त गाडी, जिना आणि ठेवणीचं सामान. ज्याने हा आकडा काढला त्याला आई नसावी.

ओव्हीद

•

बॅटन रूज, २ जुलै

चि. ओव्हीद यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी आईला आपल्या फ्रेंचमध्ये वाचून दाखवलं. शाळेत फ्रेंच बोलली म्हणून मार खाऊन जी घरी बसली, ती आजही अक्षराच्या वाट्याला जात नाही, पण ऐकते बारकाईने. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “खाली सामान चालतं ना? मग मला जुनं सामान म्हणून लिहा.” मी हसले आणि मग न्हाणीघरात जाऊन रडले.

तरी एक सांगते, राग येऊ दे. वादळाच्या दिवशी आईला स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवून तू चार तास पाण्यात उभा होतास, उलीसकाकांची बोट येईपर्यंत. पुढच्या वेळी टेबल पुरणार नाही. नियम आडमुठा आहे, पण खोटा नाही. वीस इंच उचल. पायऱ्यांचं मी काही बघते.

बघते असं लिहिलं खरं, पण चार ठिकाणी फोन केले आणि चारही ठिकाणी ‘थांबा’ म्हणून लावलेलं संगीत ऐकलं. मीच हताश झाले आहे. आणि तू त्या बोटीवर जीव धोक्यात घालतोस ही काळजी वेगळीच. एवढं एक तरी ऐक रे माझं.

तुझी ताई

•

बायू सारसेल, २१ ऑक्टोबर

सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

घर पुन्हा उचललं. या वेळी तेवीस माणसं होती आणि तेवीसही कुरकुरत होती. उंचीचा दाखला मिळाला, वीज आली. पायऱ्यांची सोय केली आहे, कशी ते विचारू नकोस. तुला इस्पितळातल्या नोकरीतून रजा नाही, म्हणून उलीसकाका तीस तारखेला व्हॅन घेऊन येतील. आईला पाठव. चुना आणून ठेवला आहे.

बोट इंजिनाच्या कामाला लावली आहे.

ओव्हीद

•

बायू सारसेल, ३ नोव्हेंबर

चि. लिओनीस आईचे पोटभर आशीर्वाद.

मी सांगते आहे आणि ओव्हीद लिहितो आहे. मध्ये थांबतो, मग मी त्याला पायाने ढोसते.

थडग्याला चुना लावला. बाबा आता स्वच्छ दिसतात. घर फार उंच झालं आहे, कोंबड्यांच्या खुराड्यात बसल्यासारखं वाटतं. पण चौदा पायऱ्यांतली एकही मी चढले नाही. तुझ्या भावाने माझ्या ओसरीच्या खुर्चीला लोखंडी चौकट केली आहे. वर तुळईला यंत्र आहे, त्याचा दोर खुर्ची उचलतो. मोजणीदाराने वर मान करून पाहिलं आणि म्हणाला, यंत्र पाण्याच्या वर आहे, माझी हरकत नाही.

यंत्र घरघरलं आणि मी ओळखलं. बाबांच्या बोटीवरचं जाळं ओढायचं यंत्र ते. चाळीस वर्षं पहाटे हा आवाज बायूवरून आला की मी उठून कॉफी ठेवायची. वर पोचल्यावर माझा हात आपसूक किटलीकडे गेला. मी ओव्हीदला विचारलं, “आता जाळं कशाने ओढशील?” तो म्हणाला, सरकारी लिफ्ट आली की हे परत बोटीवर चढवीन. तोवर तू त्याला बोटीवरून बोलू नकोस.

सकाळी तो मला खाली उतरवतो. मी सामानाबरोबर बसते. बोटी जातात, हात करतात.

सवड काढून ये, मी वाट बघते आहे.

तुझी आई, आझेली

ता. क. हे मी आईला वाचून दाखवणार नाही. यंत्र तेवढं काढून घेऊन बोट ऑगस्टमध्येच विकली, सोमवारपासून गोदीत जातो. तुझं ऐकलं, आता खूश हो. नवा मालक ती घेऊन रोज समोरूनच जातो. आईला ओळखू येऊ नये म्हणून मी त्याला आधी बोटीचा रंग बदलायला लावला. ती त्यालाही हात करते. ओ.