बामच्या बाटलीतला कोळी

आई,

तू जाऊन बारा वर्षं झाली. बामच्या रिकाम्या बाटलीतून तू जो कोळी आणला होतास, त्याला गेल्या महिन्यात शास्त्रीय नाव मिळालं. जगात कुणीच नोंदवलेला नव्हता तो. नाव मी दिलं. कसं दिलं, हे तुला सांगायला तोंड नाही मला, म्हणून लिहितेय.

तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे: आकुर्डीच्या आपल्या स्वयंपाकघरात मी आणि माझी कॉलेजातली, प्राणिशास्त्राच्या वर्गातली मैत्रीण पोहे खात बसलोय. तू चाकणहून पहिली शिफ्ट करून येतेस आणि चपला न काढताच पिशवीतून बाटली काढतेस. झाकणाला सुईनं भोकं पाडलेली. "बघ गं, पाय कसं हळदीत बुडवल्यागत हायती. सुपरवायझर म्हनला, मार झाडू. म्हनलं, थांबा, माझ्या लेकीला दावायचा हाय." मैत्रिणीनं कौतुकानं विचारलं, कुठे सापडला? "कंपनीत, लेडीज संडासात. भिंत घासत हुते..." "आई, पुरे," मी म्हणाले. इतकी तुटक, की मैत्रीणही चपापली. तू चहा टाकलास.

आणि दोन दिवसांनी मीच निर्लज्जासारखी म्हणते, अजून लागतील, नर-मादी दोन्ही. शिफ्ट सुटल्यावर तू पंधरा दिवस त्या भिंतीपाशी उकिडवी बसलीस, दुखऱ्या गुडघ्यांनी, कंपनीची बस सोडून. सहा कोळी आणलेस.

मग मी नोकरीत अडकले, कोळी कपाटात स्पिरिटमध्ये पडून राहिले. अखेर त्यांच्यावरचा शोधलेख तयार झाला तेव्हा माझे सर म्हणाले, "आईंनी आणलेत ना? त्यांचंच नाव देऊ या." आई, मी नको म्हणाले. नाव कुणाचं आणि का, हे लेखात एका ओळीत सांगायचं असतं. त्या ओळीत तुझं काम लिहावं लागेल, असं मी स्वतःला बजावलं आणि माझी गाळण उडाली. सर म्हणाले, "फार संकोची आहेस तू." ते कौतुकही मी गपगुमान घेतलं. नाव ठेवलं लॅटिनमधलं, 'पिवळ्या पायांचा'. तसले कोळी ढिगानं असतील. गोळा करणाऱ्याच्या जागी माझं नाव घातलं, ठिकाण 'औद्योगिक परिसरातील भिंत'. एकदा छापलेलं नाव मागाहून बदलता येत नाही, तसा नियमच आहे.

परवा मारुंजीला राहणाऱ्या एका सहकाऱ्याचा लेख वाचला. त्यानं एका गोगलगाईला आईचं नाव दिलंय. कारणाच्या ओळीत 'लेखकाची आई', बस्स. ती काय काम करते, ते लिहिलेलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मी कचेरीतच रडले. शेजारची म्हणाली, काय झालं गं? म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलं.

तुझा पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. कारण असे लेख मी वर्षानुवर्षं वाचतेय, आई. तेवढे दोन शब्द पुरतात, हे सरांना नको म्हणतानाही मला ठाऊक होतं.