होडीचे ठोकळे

६ फेब्रु. ९६
तुर्भे. बॉयलरच्या रिपोर्टला महिनाअखेरची मुदत. लाकूड जळताना कसं लहान होत जातं, ते मोजायचं. कंत्राटदाराने दिवाळे गावातली एक जुनी होडी तोडून आणली. सागवान, वाळलेलं. सारखे ठोकळे कापून घेतले. भट्टीत खालून हवा सोडली की तापलेली वाळू उकळते. ठोकळा जाळीच्या टोपलीत घालून आत सोडायचा, काढायचा, मोजायचा.

८ फेब्रु.
ठोकळा आधी भराभर आकसतो. धूर संपला की नुसता कोळसा, तो सावकाश झिजतो, लाकडाच्या रेषेवर तडकतो. आज एक अख्खा निघाला. पार लहान, पण कोपरे तसेच, खिळ्याचं भोक जागेवर. कॅलिपर टेकवला आणि चुरा.
सोबत काम करणारा कुलकर्णी : "माप घेतलंस की नुसताच बघत बसलास?"
जेवताना ते भोक दिसत होतं.

११ फेब्रु.
नेहमीची कोळीण हिराबाय बोंबील घेऊन घरी दारात. दिवाळ्याची. नवरा समुद्रात गेला तो आलाच नाही, होडी तेवढी सापडली. वर्षं झाली, कुंकू अजून लावते. वाटा लावता लावता म्हणाली, "दीर बोलतान, आता कार्य करून टाकू. मानूस नाय गावला, होडीचे फलीला तरी आग देऊ. त पोरानं होडीच इकली, दादा. लाकडांचे ट्रकवाल्याला."


१२ फेब्रु.
कंत्राटदाराला विचारलं. तीच होडी. एक ठोकळा शिल्लक. कुलकर्णी म्हणतो, "तो द्यायचा नाही हं. शेवटचं माप त्याच लाकडाचं हवं." खाऱ्या लाकडाने वाळूच्या गुठळ्या झाल्यात, त्याची कटकट वेगळी.

१४ फेब्रु.
हिराबायला सांगितलं. 
"म्हन्जे आग तुमीच दिलीव."
"माहीत नव्हतं गं."
"आग देताना नाव घेतलाव?"
म्हटलं, एक राहिलाय, गुपचूप आणून देतो.
"आनू नका. बाकीचा गेला तिथंच जाऊ दे. पन नाव घेऊन टाका."
नाव मला कुठे ठाऊक? नवऱ्याचं नाव ती घेत नाही, नेहमी 'पोराचा बापूस'. पाटी खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि सांगितलं. मोठ्याने. समोरच्या वहिनी दार उघडून बघायला लागल्या.

१५ फेब्रु.
दुपारी शेवटचा ठोकळा सोडला. कुलकर्णी घड्याळ घेऊन शेजारीच. टोपली वाळूत गेली तेव्हा नाव घेतलं. पण ब्लोअर पूर्ण जोरात होता. ओठ हलले एवढं नक्की. कुलकर्णीला ऐकू गेलं नाही. मलाही नाही.
घेतलं म्हणायचं का?
माप व्यवस्थित मिळालं. उद्या सकाळी ती येईल, आणि पहिलं तेच विचारेल.