मीराचं पान

शनिवार, १४ जून २००८
बॉथेल

बाबांना आज सिअ‍ॅटलच्या जुन्या मार्केटमध्ये न्यायलाच नको होतं. परवाच नागपूरहून आलेत. मीरा ऑफिसच्या कामाने बाहेरगावी आहे, एअरपोर्टवरून परस्पर तिथे येईल, असं त्यांना ठोकून दिलं. माझी बायको महिनाभर मैत्रिणीकडे राहतेय, हे कसं सांगणार? सकाळी फोन केला तर नुसतं ‘बघते’ म्हणाली. त्या ‘बघते’वर मी तिघांचं टेबल बुक केलं!

मासळीवाल्यांच्या वरच्या मजल्यावर ती तापासची जागा. छोट्या बशांमधून एकेक स्पॅनिश पदार्थ येत होता. बाबा मात्र हात मांडीवर ठेवून बसलेले. सगळ्यांची पानं वाढल्याशिवाय ते जेवत नाहीत.

"बाबा, घ्या ना. इथे असंच असतं. गार होतंय."

"सूनबाई येऊ दे."

मी सांग्रिया वाईनचा ग्लास नुसताच फिरवत होतो, नजर दाराकडे. शेवटी बाबांनीच प्रत्येक बशीतलं थोडं थोडं तिसऱ्या रिकाम्या प्लेटमध्ये वाढलं. बटाटा, मशरूम, ऑलिव्ह. मगच पहिला घास घेतला. ती भरलेली प्लेट शेवटपर्यंत तशीच राहिली.

निघताना ती पॅक करून घेतली. घरी आल्यावर बाबांनी डबा फ्रीजमध्ये ठेवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ती येणार नसेल, तर तू घेऊन जा."

म्हणजे कळलंय. कधीपासून?

दोनदा फ्रीज उघडून झाला. मीराला ऑलिव्ह आवडत नाहीत. तेवढे मी डब्यातून काढून टाकलेत.

गाडीची किल्ली कुठे ठेवली मी?