चार वाजता सातशे चौदा

३ मार्च, सोमवार
जमलं एकदाचं! सेट-टॉप बॉक्सचा रिमोट मोडल्यापासून सासरे नुसते छताकडे बघत पडलेले. दुकानदार म्हणाला, "वहिनी, हा घ्या. कुठल्याही कंपनीच्या बॉक्सला चालतो." चालतो कसला! यादीतले सगळे कोड घालून पाहिले, बॉक्स ढिम्म. मग शोधाचं बटण दाबून धरलं, लाल दिवा लागला, आणि एकेक कोड पुढे सरकवत बसले. पाऊण तासाने बॉक्स बंद झाला – म्हणजे कोड सापडला!
रिमोट सासऱ्यांच्या उजव्या हाताखाली ठेवला. लकव्यापासून तो हात हलत नाही. असू दे, हाताला सवय आहे.

४ मार्च
चार वाजता चॅनेल आपोआप बदललं. ७१४ – विणकाम. सासूबाई रोज चारला लावायच्या, तेच! त्या जाऊन वर्ष झालं. तेव्हापासून ते कुणी लावलेलं नाही.

६ मार्च, गुरुवार
आजही. चाराच्या ठोक्याला. दुकानदाराला फोन केला. म्हणे, "शेजाऱ्यांचा रिमोट लागत असेल." अरे, मधे भिंत आहे! आणि शेजारचं घर रिकामं आहे.
हे जेवताना म्हणाले, "बाबांना आता काही कळत नाही गं. सोमवारी वृद्धांच्या संस्थेत ठेवू. तुझीही कंबर मोडते."
माझ्या कंबरेचं निमित्त कशाला? माझ्या आजारपणात बाबांनीच मला चमच्याने भरवलंय.

९ मार्च, रविवार
ह्यांना बळेच खाटेपाशी बसवलं. बाबांचा अंगठा मीच बटणावर ठेवला होता. चार वाजले – ७१४!
"हलला! अंगठा हलला!" मी ओरडलेच. खरं सांगायचं तर मला काही दिसलं नाही. पण हे हमसून हमसून रडले. "बाबा, तुम्हाला कळतंय!" तिथल्या तिथे संस्थेला फोन करून नाही म्हणाले. जिंकले मी!
बाबांच्या डोळ्यांतही पाणी होतं. फक्त ते टीव्हीकडे बघत नव्हते. खाटेशेजारच्या खुर्चीकडे बघत होते. सासूबाईंच्या.

११ मार्च
बाबांना ताप. दवाखान्यात ठेवलंय.

१२ मार्च, बुधवार
ताप उतरला, उद्या घरी सोडणार. हे त्यांच्यापाशी आहेत. मी कपडे न्यायला आले. घर फार गप्प वाटलं म्हणून बटण दाबून टीव्ही लावला. बातम्या चालू होत्या. आवाज वाढवायला रिमोट शोधला, सापडेना. ह्यांना फोन केला.
"अगं, इथे आहे. बाबांच्या चादरीत गुंडाळून आलाय."
फोन ठेवला. चार वाजले.
७१४.
खुर्चीकडे बघायची छाती झाली नाही. पाठमोरीच म्हणाले, "आई, ह्यांना सांगणार नाही. बाबा इथेच राहतील."