कोपऱ्यांचं अक्षर

३ मार्च १९८३
आज परत सेक्टरचे दोन बोर्ड फोडले. कोयत्याने! 'सेक्टर'मधला 'से' मधोमध चिरलाय. वर्षभर खपून मी हे अक्षर बसवलं — एकही गोलाई नाही, सगळ्या सरळ रेघा, छाटलेले कोपरे. नवं शहर, नवं अक्षर. वाशीत लोक म्हणतात, रॉकेटवर लिहिल्यासारखं दिसतं. आणि हे गाववाले फोडतात. एक जरी हाती लागला तरी त्याची बोटं छाटीन.

५ मार्च
तुर्भ्याच्या आमच्या कारखान्यात अक्षर मी काढतो, पत्र्यात त्याचं स्टेन्सिल धर्मराज कापतो. नव्या शहरासाठी सरकारने घेतलेलं त्याचं शेत सेक्टरात गेलंय. आज त्याच्यावर ओरडलो, तुझ्या गाववाल्यांना आवर म्हणून. तो कापतच राहिला. मग म्हणाला, "बोर्ड आमचे भाताचे शेतान हाय. तुमी कोनाला इचारून लावला?"
हातातली लोखंडी पट्टी फेकून मारली. कपाळ फुटलं त्याचं. रक्त पुसून तो हसला, तेव्हा मला आणखीच चीड आली.

८ मार्च
शहर वसवणाऱ्या सरकारी ऑफिसच्या भिंतीवर 'जमीन देणार नाही'. पुरुषभर उंच, माझ्या अक्षरात! धर्मराजने स्टेन्सिलं पळवली होती. अंगाची लाही लाही झाली. पण खरं सांगायचं तर इतकं देखणं ते अक्षर एकाही बोर्डावर दिसलं नव्हतं.

९ मार्च
कारखान्यात पोलीस. इन्स्पेक्टर टेबलावर काठी आपटत होता. "हे अक्षर कोण लिहितो? हात मोडून ठेवीन." धर्मराज माझ्या मागे, कपाळाला पट्टी. मी नाव घेतलं असतं तर तो मेलाच असता.
"साहेब, आजकाल सगळीकडेच चालतं हे," मी म्हणालो.
"सगळीकडे? बघतो फिरून."

१० मार्च
रजा टाकली. कारखान्यातली उरलेली स्टेन्सिलं घेऊन धर्मराजच्या गावात गेलो. अक्षर सगळ्यांच्याच दारावर असलं तर एकट्या त्याला कसं धरणार? न्हाव्याच्या दुकानावर नाव रंगवलं, पिठाच्या गिरणीवर रंगवलं, सगळं फुकट. सुकी मासळी विकणारी गोजराबाई म्हणाली, "माजे नावाला येवरे कोपरे कशाला रं?" म्हटलं, मावशी, फॅशन आहे. तिने मूठभर जवळा बांधून दिला.
शेवटी धर्मराजच्या घरी. त्याने दारच लोटलं. "माजे दारावर तुजा अक्षर नको." मर मग, म्हटलं, आणि निघालो. मनातून मात्र फार बरं वाटत होतं.

१२ मार्च
गावात पोलिसांच्या गाड्या आल्या. कुणाला काही विचारलं नाही. ज्या ज्या दारावर माझं अक्षर, तिथे घुसले. गिरणीवाल्याचा जबडा फुटला. गोजराबाईचे दोन्ही हात मोडले.
धर्मराजच्या दारावर काही लिहिलेलं नव्हतं. ते पुढे निघून गेले.